हात न पुरलेली जागा

“पाण्यात गेली! अहो, कुणीतरी या! माझी बायको पाण्यात गेली!”

बेटावरच्या त्या हॉटेलात दुपारची जेवणं चालली होती. फौजदारबाई हातातला घास तसाच टाकून उठल्या. पोलिसातली नोकरी संपून दोन वर्षं झाली होती. नवऱ्याबरोबर चार दिवस निवांत बसायला आल्या होत्या. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, ते काय खोटं आहे?

किनाऱ्यावर एक तरुण वकील गुडघाभर पाण्यात, त्यांच्याकडे पाठ करून उभा होता. अंग उघडं. पाठीच्या मधोमध कातडी उन्हाने भाजून लालबुंद झालेली, खांदे आणि कंबर मात्र गोरीपान. मागे छत्रीखाली एक पंचा, बायकी चपला आणि रुंद काठाची गवती टोपी पडली होती.

टोपी ओळखीची होती.

काल दुपारी तीच टोपी घालून वकिलाची बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली होती. “काकू, उद्या सकाळी तुमच्याबरोबर फिरायला येऊ? थोडं बोलायचंय,” म्हणाली. तेवढ्यात नवरा आला आणि पोरीने विषयच बदलला. “संध्याकाळी हे मला जुनं दीपगृह दाखवणार आहेत. वाट नुसती केवड्याच्या काट्यांतून आहे म्हणे!” असं हसत सांगून ती उठून गेली. सकाळी फौजदारबाईंनी तिची वाट पाहिली. ती आली नाही. नवीन जोडपं, झोपली असतील उशिरापर्यंत, म्हणून त्या एकट्याच फिरायला गेल्या.

हॉटेलच्या दोन्ही होड्या निघाल्या. पहिल्या होडीत वकील स्वतः भोंगा घेऊन उभा राहिला. अख्ख्या बेटाला वळसा घालत तो बायकोला हाका मारत होता. होडी रिकामी परत आली, पुन्हा गेली, पुन्हा रिकामी आली.

मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “बाई, पोलीस संध्याकाळच्या बोटीने येतील. तोवर तुम्हीच जरा बघा.”

फौजदारबाईंनी वकिलाला ऑफिसात बसवलं.

“सकाळपासून सांगा.”

“नाश्ता करून दोघं किनाऱ्यावर आलो. ती छत्रीखाली, मी उन्हात पालथा. तिने माझ्या पाठीला क्रीम चोळून दिलं. मग टोपी तोंडावर घेऊन झोपली. मलाही डुलकी लागली. जाग आली तर ही नाही!”

“तिला आणखी कुणी पाहिलं?”

“सरबत आणलेल्या वेटरने पाहिलं की. विचारा त्याला.”

वेटर दारातच उभा होता. “हो, बाई झोपल्या होत्या. अंगावर चादर, तोंडावर टोपी. आवाज करू नको, अशी साहेबांनी खूण केली.”

“चेहरा पाहिलास?”

“टोपीखालचा कसा दिसणार?”

फौजदारबाई वकिलाकडे वळल्या. “काल रात्री जेवायला दिसला नाहीत. सकाळी नाश्त्यालाही नाही.”

“दोन्ही खोलीतच मागवलं. काल दुपारपासून आज नाश्ता होईपर्यंत आम्ही खोलीबाहेर पडलोच नाही.”

“पायांना काय झालं?”

वकिलाने पाय मागे घेतले. पोटऱ्यांवर बारीक, लांब ओरखडे होते. त्यांवर काळपट खपली धरली होती.

“आत्ता शोधताना खडकावर खरचटलं. बाई, तुम्ही माझी उलटतपासणी घेताय का? माझी बायको बुडालीय!”

“घेतेय,” फौजदारबाई शांतपणे म्हणाल्या.

पण हाती काय होतं? काहीच नाही. त्या चडफडत बाहेर पडल्या. व्हरांड्यात खोल्या आवरणारी बाई वकिलाच्या पलंगावरची लांब उशी झटकत होती. “बघा ना! कालच धुतलेला अभ्रा घातला होता, सगळा वाळूने भरवून ठेवलाय. उशीला घेऊन समुद्रावर जातात की काय ही माणसं?”

फौजदारबाई क्षणभर थबकल्या आणि आपल्या खोलीकडे निघाल्या. तिथे त्यांचे यजमान, म्हणजे पेन्शनीत निघालेले मास्तर, पलंगावर पालथे पडून कण्हत होते.

“अहो फौजदारबाई, पाठीला जरा क्रीम लावा. नुसती आग आग होतेय.”

“तिकडे पोरगी नाहीशी झालीय आणि तुम्हाला पाठ सुचतेय?”

“सकाळी मला एकट्याला टाकून फिरायला गेलात! माझं मीच लावलं आणि उन्हात पडलो. मधे हात पुरत नाही हो. पाठीला हात पुरत नाही म्हणून तर माणूस लग्न करतो!”

फौजदारबाईंनी मास्तरांचा सदरा वर केला. खांदे ठीक होते. कंबर ठीक होती. मधोमध कातडी लालबुंद. फौजदारबाई त्या पाठीकडे बघतच राहिल्या. मग क्रीमची डबी मास्तरांच्या हातात कोंबून धावत सुटल्या.

धक्क्यावर बोट लागत होती. वकील बॅग घेऊन तयार होता. “तिच्या आईला मीच जाऊन सांगतो,” तो मॅनेजरला म्हणत होता.

“बॅग खाली ठेवा,” फौजदारबाई धापा टाकत म्हणाल्या. “मॅनेजर, होड्या थांबवा. ती पाण्यात गेलीच नाही. आपण दिवसभर भलतीकडेच शोधतोय.”

“पुरावा?” वकिलाने विचारलं.

“तुमच्या पाठीवर आहे! बायकोने क्रीम चोळून दिलं म्हणता, मग बरोबर मधलीच जागा कशी भाजली? जिथवर आपला हात पोहोचतो तिथवर तुम्ही स्वतः लावलंत. लावून द्यायला सकाळी तुमच्याजवळ कुणी नव्हतंच.”

“वेटरने तिला पाहिलंय!”

“वेटरने चादर पाहिली आणि टोपी पाहिली. खाली पलंगावरची लांब उशी होती. बोंब मारण्याआधी ती खोलीत नेऊन टाकलीत, पण अभ्र्यातली वाळू राहिली. म्हणजे काल दुपारनंतर त्या पोरीला कुणीच पाहिलेलं नाही. खोलीबाहेर पडलो नाही म्हणता, आणि ती मला सांगून गेली की संध्याकाळी दीपगृहावर जाणार. पायाचे ओरखडे आजचे असते तर ओले असते. ते कालचे आहेत, केवड्याचे.” त्या मॅनेजरकडे वळल्या. “दीपगृहाकडे माणसं पाठवा. आत्ताच्या आत्ता.”

“काय उपयोग?” वकील कुत्सित हसला. “तिथून पडलेलं माणूस वाचतं होय?”

“पडली असं मी कुठे म्हटलं?” फौजदारबाईंनी विचारलं.

वकिलाचा चेहरा उतरला, आणि मग रागाने फुलला. “मला सोडून जाणार होती! मला! इथे येऊन सांगते, शेवटचा प्रयत्न म्हणून आले, आता नाही जमत. उभ्या आयुष्यात मी एक खटला हरलेलो नाही, आणि ही चार लोकांत माझं हसं करणार?”

बोटीतून उतरलेल्या पोलिसांनी त्याला धरलं. फौजदारबाई थांबल्याच नाहीत. मॅनेजर आणि दोर घेतलेली माणसं मागे, त्या पुढे. काट्यांनी साडी फाटली, त्यांना पत्ता नव्हता. मनात एकच घोकणं चाललं होतं, देवा, उशीर झालेला नसू दे.

दीपगृहामागे कडा तुटला होता. फौजदारबाई काठावर पालथ्या पडल्या आणि खाली वाकल्या. बऱ्याच खाली खडकाचा एक टप्पा पुढे आला होता. त्यावर निळं काहीतरी मुरगळून पडलं होतं.

“पोरी!”

त्या आणखी पुढे सरकल्या.

“अगं पोरी, मी काकू!”

निळं हललं. डोकं वर झालं. ओठ फुटलेले, एक पाय विचित्र वळलेला. पण पोरगी जिवंत होती. आवाज मात्र जेमतेम वर पोहोचला.

“ते... आहेत का वर?”

“नाही गं. पोलिसांनी धरलाय त्याला.”

“नक्की ना?”

“माझ्या गळ्याची शपथ.”

“होडी खालून दोनदा गेली, काकू. हे मला हाका मारत होते. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मी ओ दिली असती तर सगळ्यांत आधी वर हेच आले असते.”

फौजदारबाईंनी नोकरीत पुष्कळ मुडदे पाहिले होते, कधी डोळ्याला पाणी आलं नव्हतं. आता मॅनेजरसमोर त्या ढसाढसा रडल्या. माणसांनी दोर खाली सोडला, एक जण त्यावरून उतरू लागला. पोरगी त्याला पाहून खडकाला चिकटून मागे सरकली.

“काकू, जाऊ नका. मी वर येईपर्यंत बोलत राहा. तुमचा आवाज येऊ दे.”

फौजदारबाईंनी डोळे पुसले आणि काय सुचेल ते बोलत राहिल्या.