पाण्याहून जास्त पाणी

टेबलावर दोन पितळी पराती ठेवल्या होत्या. एकीत डोहाचं नितळ पाणी, दुसरीत म्हशी लोळतात त्या खड्ड्याचं गढूळ. वर संध्याकाळचा प्रकाश देणारा दिवा. जलप्रवाह मंडळाने प्रयोगशाळेला यंत्रं भरपूर दिली होती. पराती मात्र डॉ. मंदाकिनी सारंग यांच्या घरच्या होत्या.

तिने जाळीच्या पिंजऱ्याचं दार उघडलं. एकदिनी माशा बाहेर पडल्या. ही माशी वर्षभर पाण्यात दगडाखाली राहते, मग पंख फुटतात आणि एक संध्याकाळ मिळते. तेवढ्यात जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, मरायचं. पंख फुटल्यावर तिला तोंडच नसतं. खाणं नाही, तक्रार नाही.

माशा नितळ परातीवर आल्या, क्षणभर घुटमळल्या आणि वळल्या. एकजात सगळ्या गढूळ परातीत उतरल्या.

"परात नीट धुतली नसेल," मंदाकिनी म्हणाली. "साबण राहिला असणार."

"पुन्हा पुन्हा धुतली, ताई. आता कल्हई करून आणू?" खलील मुकादम म्हणाला. तो प्रकाशाचा भौतिकशास्त्रज्ञ. हेळेवाडीच्या वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर पसरलेले काचेचे सौरपाट त्याच्याच देखरेखीखाली बसले होते. उन्हाळे असह्य झाले, कोळसा सोडायचा ठरला आणि सडा कागदोपत्री पडीक होता. पावसाळ्यात त्या पडीक कातळावर किती फुलं येतात ते कागदाला कुठून कळणार!

"मग सांग, का वळल्या?"

खलीलने दिवा बंद केला. "पाण्यावरून परतणारा प्रकाश आडव्या दिशेनेच कंप पावतो. ध्रुवित प्रकाश. आपल्याला तो वेगळा ओळखता येत नाही, या माशीला येतो. हिच्या लेखी पाणी म्हणजे ओल नव्हे, तो प्रकाश. आणि सौरपाटावरून तो पाण्यापेक्षाही जोरात येतो."

"पाण्याहून जास्त पाणी. म्हणून त्या तापलेल्या काचेवर अंडी घालायच्या. ठाऊक आहे. मीच भांडून तुला काचांवर पांढऱ्या रेघा ओढायला लावल्या, चकाकी मोडायला. आता तिथे एकही मरत नाही."

"रेघांमुळे नाही, ताई." त्याने मान खाली घातली. "मरायच्या त्या आधीच मरून गेल्या. इतकी वर्षं चकाकीवर विश्वास ठेवणाऱ्या सगळ्या काचेवर संपल्या. वंश चालला तो कोणाचा? ज्यांना चकाकी नकोशी होती त्यांचा. एरवी निसर्गात त्या वेडसर ठरल्या असत्या. गढूळ पाण्यात प्रकाश विखुरतो, ध्रुवण फिकं पडतं. ह्यांना तेवढंच पाणी वाटतं. चकाकलं की मागे फिरायचं, हे रक्तातच उतरलं."

"आणि माझा डोह?"

"तुमचा डोह आरशासारखा लखलखतो. इतका स्वच्छ केलात तुम्ही."

मंदाकिनी परातीकडे बघत राहिली. हेळ्याचा व्हाळ, वाडीचा ओढा, चिरेखाणींच्या गाळाने भरला होता, तो तिने गावाला हाताशी धरून उपसला. खाणी बंद करवल्या. त्यातल्या डोहाभोवती कुंपणासारखा चिऱ्यांचा गडगा घातला, म्हशींना बंदी केली. आता मंडळाचा परीक्षक उद्या सकाळी येणार होता. मंडळाचे निकष दोन: पाणी स्वच्छ हवं आणि त्यात कीटकांची अंडी हवीत. दोन्ही असतील तर व्हाळ 'जिवंत प्रवाह', गावाचा. नाहीतर मृत. मृत व्हाळाचं पाणी वाडीच्या वरच नळात घालून सड्यावर नेतात, सौरपाट धुवायला. काचा चकचकीत लागतात ना. मग खाली वाडीच्या विहिरी कशाने भरणार?

"गाळ खाली बसतो," खलील हळूच म्हणाला. "संध्याकाळी ढवळला तर सकाळपर्यंत."

"आणि अंडी दगडाला चिकटलेली राहतात," मंदाकिनी म्हणाली, आणि पदर खोचून उठली.

बाबल राऊळ गोठ्यात होता. ग्रामसभेत म्हशींच्या बाजूने बोलणारा हा एकटाच, आणि हरलेला. तेव्हापासून तो म्हशी खालच्या बाजूला, जुन्या खाणीच्या खड्ड्यात नेई. व्हाळ त्या खड्ड्यातूनच पुढे जायचा.

"म्हशी डोहात घालायच्या? माझ्यो?" त्याने गवताचा भारा खाली टाकला. "डॉक्टरबाय, सगळ्या गावासमोर माझ्या म्हशींका घाण म्हणालंस. आता आवतण? अक्षता घेवन इलंस काय?"

"चुकलं माझं, बाबल."

"ह्या लिवन देशीत?"

"बाबल!"

"बरां, बरां. पाय धुवन आणू काय तश्योच?"

"तश्योच आण रे," मंदाकिनी म्हणाली. हसू की रडू, तिला कळेना.

उन्हं कलली तेव्हा गडग्यातले चिरे काढून वाट केली होती. म्हशी डोहाच्या काठाशी थबकल्या. इतक्या वर्षांची बंदी त्यांनाही समजली असावी. मग थोरली आत शिरली आणि ऐसपैस बसली. तळातून लाल गाळ उसळला, आकाशाचं प्रतिबिंब फाटलं, पाणी चहासारखं झालं.

आणि खालच्या खड्ड्याकडून माशा आल्या. धुरासारख्या, अंडी घालायला प्रवाहाच्या उलट, व्हाळाच्या वरून वरून. या वेळी त्या वळल्या नाहीत. मंदाकिनी गुडघाभर चिखलात उभी होती. तिच्या हातावर, चष्म्यावर, म्हशींच्या शिंगांवर पंख पडत होते.

सकाळी डोह नितळ होता. परीक्षक निंबाळकर सज्जन माणूस. त्याने बूट काढून ठेवले, पॅन्ट दुमडली आणि स्वतः पाण्यात उतरून दगड उलटा केला. खालच्या बाजूला साबुदाण्याहून बारीक, चिकट, पांढरे ठिपके.

"बाई!" त्याने दगड दोन्ही हातांनी वर धरला. "किती व्हाळ बघितले मी. सगळे मेलेले. हा पहिला. शेवटी तुमचंच खरं. पाणी स्वच्छ करा, जीव आपोआप येतो."

खलीलने मंदाकिनीकडे पाहिलं. बाबलने पायाने एक शेणाचा पो हळूच गडग्यामागे सरकवला.

"व्हाळ जिवंत. गावाचाच राहील," निंबाळकर म्हणाला. वाडीतल्या बायकांनी एकमेकींचे हात धरले. "आणि आता थांबायचं नाही. खालचा तो म्हशींचा खड्डा बघितला मी येताना. काय ती राड! महिनाभरात तोही उपसून घेऊ, असाच गडगा घालू. उगमापासून खाडीपर्यंत म्हशीचा पाय पडता कामा नये. मी स्वतः राखणीला रोजचा माणूस ठेवतो. आदर्श व्हाळ म्हणून सगळ्या जिल्ह्यात हाच नमुना."

खालचा खड्डा. जगात या माशीला पाणी वाटेल अशी तेवढीच जागा उरली होती. तोही चकाकायला लागला, की पुढच्या वर्षी पंख फुटलेल्या माशा व्हाळभर फिरतील आणि कुठेच उतरणार नाहीत.

"आता म्हशी खय नेव मी?" बाबलने मंदाकिनीला विचारलं. तिने काही सांगायला ओठ उघडले होते. सगळंच सांगायचं: परात, काच, कालची संध्याकाळ. सांगितलं तर निकाल फिरणार, व्हाळ नळात जाणार. वाडीतल्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

माशीला तोंड नसतं. मंदाकिनीला होतं.

"साहेब," ती म्हणाली, "चहा घेणार ना?"