ब्रेक कोणी धरला?

खोटं वाटलं तर वाटू द्या. त्या खुर्चीत मी बसलो होतो, तुम्ही नव्हता.

१९७४ चा मे महिना. नागपूरजवळ, काटोल रोडवरची संत्र्याची बाग. भर दुपार. भुतं रात्रीच येतात म्हणणाऱ्यांनी नागपूरचा मे पाहिलेला नसावा.

बागेतल्या टिनाच्या शेडमध्ये माझा मावसभाऊ रुपराव आणि त्याचा दोस्त चंपतराव यांनी स्वतःच्या हातांनी एक छोटं विमान बांधलं होतं. एका माणसापुरतं. एकजण खुर्चीत बसून पायाने ब्रेक दाबायचा, दुसरा इंजिन सुरू करायला पुढे उभा राहून हाताने पंखा फिरवायचा. पंखेवाला आधी ओरडायचा, "ब्रेक?" खुर्चीतून उत्तर यायचं, "धरला!" मगच पंख्याला हात. हा त्यांचा नेमच होता.

आदल्या दिवाळीनंतर एकदा इंजिन सुरू होताच विमान पुढे झेपावलं. पंख्याने रुपरावचं डोकं फोडलं. तो जागीच गेला.

खुर्चीत चंपतराव होता. "पॅडल खाली गेलं, ब्रेक लागलाच नाही," तो रडत म्हणाला. सगळ्यांनी मानलं.

मी गॅरेजात ब्रेकचंच काम करायचो, म्हणून त्याने मला बोलावलं. त्याला अजून ते विमान उडवायचं होतं! डोकं फिरलं माझं. तरी गेलो.

नळ्या तपासल्या. गळती नाही. तेल भरलेलं. नळीत हवा शिरली की पॅडल खाली जातं; ती काढायला चाकाजवळचा स्क्रू सैल केला...

एक बुडबुडा नाही. पॅडल एकदम कडक.

"चंपतभाऊ, तेव्हापासून याले कोणी हात लावला?"

"नाही."

"मंग तेव्हा पॅडल खाली कसं गेलं गा?"

तो भडकला. "तू बस आत. मी पंखा मारतो. समजन तुले."

रुपरावची बायको जया पाण्याची कळशी घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं.

मी बसलो. दोन्ही पायांनी ब्रेक दाबला.

"ब्रेक?"

मी तोंड उघडलं...

"धरला!"

मी बोललो नव्हतो. आवाज माझ्या मानेमागून आला होता. मागे नुसतं कापडाचं शेपूट होतं.

आणि त्याच क्षणी... पॅडल तळाला गेलं, ब्रेक न लागताच.

"थांब!" मी किंचाळलो. पंखा फिरला होता.

विमान उसळलं. चंपतरावचा हात खांद्यापासून तुटून टिनावर आदळला. पुढच्या काचेवर रक्तच रक्त. मी इंजिन बंद केलं, पण डावं चाक त्याच्या छातीवर चढून बसलं होतं.

उतरून जीव खाऊन ढकललं. चाक फिरेना.

आत पाहिलं. खुर्ची रिकामी. पॅडल मात्र... दाबून धरलेलं.

जया जवळ आली. "आवाज ह्यायचा होता," म्हणाली. रुपरावचा. मग चंपतरावकडे वाकली. "भाऊजी, त्या दिवशी तुम्ही ब्रेक धरला होता काय?"

चंपतरावच्या तोंडातून रक्ताचे फुगे येत होते. त्याने मान हलवली. नाही.

"वहिनी, सांगा त्याले! तुमचं ऐकन तो!" मी ओरडलो.

ती उभी राहिली. पदर सावरला. चंपतरावकडे बघत राहिली.

चंपतरावची टाच मातीत घासत होती... मग थांबली.

तेव्हा ती म्हणाली, "सोडा जी आता."

खट्!

पॅडल वर आलं. चाक आपोआप मागे सरकलं.

पोलिसांना मी सांगितलं, ब्रेक फेल झाला. तिनेही तेच सांगितलं.

रुपरावची मला भीती वाटत नाही. भाऊच होता तो माझा.

पण जयावहिनीच्या हातचं पाणी... त्यानंतर मी कधी प्यायलो नाही.