एकोणीस नंबरची टाकी

गंगापूर रोडवरच्या आमच्या प्रयोगशाळेत झेब्राफिशच्या चाळीस टाक्या आहेत आणि त्यांच्या तब्येतीची जबाबदारी माझी. आजारी मासा आधी खाणं सोडतो. मग पोट खपाटीला जातं, पाठ वाकते. म्हणून खाणं टाकल्यावर पाच मिनिटांनी कुठे दाणे तरंगताहेत ते बघायचं. पाण्यात हात घालायचा तो हातमोजा चढवूनच, आणि काही चुकलं तर वहीत नोंद करायची. काम कंटाळवाणं आहे, पण मला आवडतं.

मागच्या महिन्यात एका शनिवारी मी माझ्या मुलीला, सहा वर्षांच्या आरोहीला, सोबत आणलं होतं. मी फोनवर असताना तिने स्टुलावर चढून एकोणीस नंबरच्या टाकीत कोपरापर्यंत हात घातला. मासे बोटांना लुचत होते आणि ती खुदुखुदु हसत होती. मी हात रुमालाने पुसला. वहीत काही लिहिलं नाही. लेकरू आपलं, वहीही आपलीच.

दहा दिवसांनी सकाळी आले, तर खोलीतले सगळे मासे एकोणीसकडे तोंड करून स्थिर उभे. पाण्याच्या प्रवाहामुळे असेल, असं मी मनाला समजावलं. दुपारी एकोणीसमध्ये दाणे तरंगत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यातले तीसही मासे मला माझ्या हाताने संपवावे लागले.

पुढच्या आठवड्यात बाकीचे मासे सात नंबरच्या टाकीकडे वळले. सातमधले मासे तेव्हा चांगले खात होते. दुसऱ्या दिवशी तिथेही दाणे तरंगले.

"त्ये बघत्यात तिथं दुखणं ऱ्हातं, ताई," टाक्या धुणाऱ्या शकुबाई म्हणाल्या. एरवी माझी खेचायची एकही संधी न सोडणाऱ्या शकुबाई तेव्हा हसल्या नाहीत.

सातही रिकामी केली.

आज गुरुवारी ते कुठल्याच टाकीकडे बघत नव्हते. सगळ्यांची तोंडं दाराकडे होती. मी दारासमोरून बाजूला सरकले. एकही मासा हलला नाही. दाराबाहेर तर नुसता जिना.

शकुबाईंनी हातातला ब्रश खाली ठेवला. "ताई, घरी कोन कोन हाय?"

दार नाशिकरोडच्या बाजूला उघडतं. आरोहीची शाळा तिकडेच आहे.

साडेबाराला शाळा सुटते.

बारा पस्तीसला मासे वळू लागले. सगळे एकदम, मिनिटकाट्यासारखे सावकाश. खोटं कशाला सांगू, बघायला फार सुंदर होतं. हिरवट उजेडात शेकडो रुपेरी रेघा दारावरून भिंतीवर सरकत होत्या आणि मला झोपेत असल्यासारखं वाटत होतं.

मध्येच ते थांबले.

द्वारका चौकात तिची शाळेची व्हॅन रोज अडकते.

पुन्हा वळू लागले. खिडकीपर्यंत आले आणि स्थिर झाले. खिडकी म्हसरूळच्या बाजूला आहे. तिकडे आमचं घर.

मी घरी फोन लावला. सासूबाईंनी उचलला.

"आत्ताच आली गं. चांगली आहे, हसतेय," त्या म्हणाल्या. "फक्त ताट समोर ठेवून पाच मिनिटं झाली, भाताचं शीत उचललं नाही तिने."