तेलीबांध्याचा थांबा

गाडीत पाय ठेवायच्या आधीच मी पद्मिनीमावशीला विचारून घेतलं, "आज मले पाहायले कोणी येऊन राहिलं का? आताच सांग."

"देवाशपथ, कोणी नाही. धबधबे पाहू अन् घरी येऊ," मावशी म्हणाली आणि मळमळीची गोळी घेऊन कॅराव्हॅनमधल्या गादीवर आडवी झाली.

मावशीच्या शपथा मी ओळखून आहे. तीनदा तिने मला असंच 'सहज' दाखवलंय... एकदा तर दाताच्या दवाखान्यात, गाल सुजलेला असताना. म्हणून मी घरी बजावलं होतं, पुन्हा न सांगता दाखवलं तर जगदलपूरची बदली घेईन. ऑफिसला उत्तर सोमवारी द्यायचं होतं, आणि आज रविवार.

गाडी चालवत होता ऋषिकेश, गाडीचा मालक. कडक इस्त्रीचा शर्ट... गाडी चालवायला? वर चक्क मराठी बोलत होता. रायपुरातली आमच्या वयाची पोरं हिंदीतच उत्तर देतात. तेलीबांध्याचा तलाव मागे पडेपर्यंत आरशात त्याची नजर दोनदा सापडली. कुठेतरी पाणी मुरत होतं.

राजीमच्या पुढे मावशी जागी झाली, माझ्याकडे चोरून पाहत पुढे गेली, त्याच्या कानाशी कुजबुजली आणि तोंड पाडून परतली. जतमईच्या धबधब्याजवळ तिने गाडीतल्या शेगडीवर पोहे केले. तीन बशा.

"तिसरी त्याले देऊन ये पोट्टे, उगाच वाया जाईन."

पोहे, तेही माझ्या हातून. म्हणजे स्थळ हेच. मी बशी त्याच्यासमोर आदळली. "विचारा काय विचारायचं ते. स्वयंपाक येते. गाणं येत नाही."

त्याने घास घेतला. "तिखट आहे... मिरची मावशीनं टाकली का तुम्ही?"

मला हसू आलं. मी ते दाबलं, पण त्याने पाहिलंच.

पुढच्या धबधब्याला, घटारानीला, पायऱ्या ओल्या होत्या. त्याने हात पुढे केला, मी कठडा धरला.

"मावशीनं कधी ठरवलं?"

"गाडी? आठ दिवस झाले."

"गाडी नाही. तुमाले."

"मले काहून ठरवतीन?" तुषारांनी भिजलेला चेहरा त्याने पुसला. "ज्याले ठरवलं तो सचिन तेलीबांध्याले उभा होता. त्याले घ्यायचं होतं... मी थांबलो नाही."

"काहून?"

"तुम्ही चढताना विचारलं, अन् मावशी खोटं बोलल्या. मले पटलं नाही." त्याचे कान लाल झाले. "अन्... तुमाले पाहून थांबावंसं वाटलंच नाही."

तो मला आवडला होता. सकाळपासूनच, खोटं कशाला बोलू. पण...

"मावशीले काय सांगितलं?"

"तिथं कोणी दिसलं नाही म्हणून."

"म्हणजे तुम्हीबी खोटंच."

परतताना मी मागेच बसले. सोमवारचं उत्तर जवळजवळ ठरलं होतं.

संध्याकाळी तेलीबांध्याला त्याने गाडी कडेला घेतली आणि मागे वळला. "मावशी, तो पोट्टा सकाळी इथंच उभा होता. मी मुद्दाम थांबलो नाही, अन् तुमाले खोटं सांगितलं. आता बोला काय बोलायचं ते."

मावशीने पदर खोचला आणि चांगली दहा मिनिटं बोलली. त्याने मान खाली घालून सगळं ऐकलं. मी उठून त्याच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले.

"पुढच्या रविवारी गाडी रिकामी आहे?"

"हव... कुठं जायचं?"

"जगदलपूरले."

मावशीने मागून माझा दंडच पकडला.

"बदलीवर नाही मावशी, धबधबा पाहायले," मी म्हणाले. "याच्यासोबत. अन् आधीच सांगून राहिली."