काचेला ऐकू येतं

कोंडशेतच्या माथ्यावरच्या डोंगरावर आता पहारा होता. घराघरांत इंटरनेट नेणाऱ्या काचेच्या ताराच तो पहारा करत. गाव त्यांना ‘श्रवणतंतू’ म्हणे. केसाएवढ्या काचेतून प्रकाशाचे ठोके सोडले, की वाटेतल्या प्रत्येक ठिकाणाहून त्याचा किंचित अंश मागे फिरतो. जमीन जराशी जरी थरथरली, तरी तार ताणली जाते आणि परतणारा प्रकाश बदलतो. कुठे हललं, किती हललं, सगळं त्यावरून कळतं. तांब्याच्या तारेला हे जमत नाही.

आणि डोंगराला सगळ्यात खेटून असलेलं धामणस्कर सरांचं घर अजून तांब्यावरच होतं.

“सर, तुमचा ब्रॉडबँडचा करार संपतोय,” निवेदिता गुरव म्हणाली. ही यंत्रणा उभारणारी भूवैज्ञानिक सरांचीच विद्यार्थिनी. सरांनी तिला चित्रकला शिकवली होती. “नवा करताना पूर्ण फायबर घ्या. तुमच्या घरामागचा उतार मला ऐकूच येत नाही.”

“अगं, पण तार घरात आली, की घरातलंही ऐकशील ना?”

“बोलणं नाही कळणार. पण पावलं कळतील.” ती खोटं बोलली नाही. “म्हणून करारात कलम घातलंय. डोंगराचं ऐकायचं, घरातलं यंत्रानं बाजूला टाकायचं. ते कोणी उघडायचं नाही.”

“तू शब्द देतेस?”

“देते, सर.”

सरांनी सही केली. पुढे पाहुणा आला, की चहाआधी त्याला भिंतीतून आलेली ती बारीक तार दाखवायचे. “आमच्या निवेदितेचं काम!” त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई आतून हसायच्या.

श्रावणातल्या एका दुपारी सरांच्या घरामागची माती सरकू लागली. तारेनं ते टिपलं आणि गावाला इशारा गेला. गाव शाळेत जमलं. बाया एका वर्गात, पुरुष दुसऱ्यात. मंदाकिनीबाई बायांत असतील असं सर धरून चालले होते. तेवढ्यात निवेदिताचा फोन आला.

“सर, काकू घरात आहेत! पडवीत!”

बाईंना गाभण शेळीची आठवण झाली होती. त्या कोणाला न सांगता तिला सोडवायला परत गेल्या होत्या. सर आणि दोघे शेजारी धावले. शेळीसकट बाईंना घेऊन ते पाणंदीपर्यंत आले, आणि मागे डोंगर गडगडत खाली आला. घराची मागची भिंत चिखलात गेली. गावातलं एकही माणूस गेलं नाही.

निवेदिताचा शाळेत सत्कार झाला. शाल सरांनी स्वतः तिच्या खांद्यांवर घातली. “मी हिला डोंगर काढायला शिकवला,” एवढंच कसंबसं म्हणाले, “हिनं तो ऐकायला शिकवला.” टाळ्या थांबेनात.

घर पुन्हा उभं राहिलं, तेव्हा करार नव्यानं करायचा होता. निवेदिता स्वतः आली. सरांनी सहज विचारलं, “त्या दिवशी पडवीत हीच आहे, हे तू कसं ओळखलंस?”

तिनं हातातला करार खाली ठेवला. “मी घराची नोंद उघडली, सर. शब्द मोडला.”

“बरं केलंस! पण तिथे कोणीही असू शकलं असतं.”

“काकूंचं डावं पाऊल घासत येतं. होळीपासून. महिन्यागणिक जास्त. त्या दिवशी खात्री करायला मागच्या नोंदीही उघडल्या; सगळ्यांत ते आहे.” तिनं मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. “काकू, मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा. आजार असला, तर लवकर कळलेला बरा.”

बाईंनी पायाकडे पाहिलं. “मला तर काहीच जाणवत नाही गं.”

“हिला जाणवण्याआधी काचेला?” सरांनी विचारलं.

“हो. म्हणून नव्या करारात एक पर्याय आहे. घरातलंही ऐकायची परवानगी. द्यायची की नाही, ते तुम्ही ठरवा.”

सर पेन हातात घेऊन बसून राहिले. बाईंनीच ते काढून घेतलं. “माझा जीव वाचवलाय हिनं,” म्हणाल्या, आणि ठसठशीत अक्षरांत सही केली. सरांचा ऊर भरून आला: अशी बायको, अशी विद्यार्थिनी!

“बसा, चहा टाकते,” म्हणत बाई उठल्या. स्वयंपाकघर चार पावलांवर. पण त्या क्षणभर थांबल्या, पदर सारखा केला, आणि डावं पाऊल नीट उचलत, नीट टेकवत चालू लागल्या. परीक्षकांसमोर चालावं, तशा. स्वतःच्या घरात.