सूर्यास्तानंतरचं ग्रहण

रोज सकाळी हुपरीकर सरांचा आवाज अख्ख्या महाराष्ट्राला उठवायचा. “सुप्रभात. आज युद्धशकाची मिती मार्गशीर्ष शुद्ध पंचमी,” असं तो खणखणीत सांगायचा, मग त्या दिवसाचं नक्षत्र, मग एखाद्या शाळकरी पोरीच्या प्रश्नाचं उत्तर. आणि नेमक्या त्याच वेळी सांगलीतल्या कृष्णाकाठच्या घरात खुद्द भालचंद्र हुपरीकर सर आपली कवळी शोधत फिरत असायचे.

हा आवाज म्हणजे सरांची वाणीप्रतिमा. सांगलीच्या कालगणना मंदिर या संस्थेने सरांची चाळीस वर्षांची व्याख्यानं, लेख, मुलाखती असं सगळं एका यंत्रात ओतलं होतं, आणि ते यंत्र आता सरांसारखा विचार करून सरांच्याच आवाजात बोलायचं. कुणीही फोन लावावा, काहीही विचारावं. सरांना सुरुवातीला त्याची मोठी गंमत वाटायची. “माझ्यापेक्षा बरा आहे. खोकत नाही, आणि त्याला पथ्य पाळावं लागत नाही,” असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे.

युद्धशकही सरांचाच. महाभारत युद्धाची तारीख त्यांनी ग्रहताऱ्यांवरून काढली होती आणि दहा वर्षांपूर्वी राज्याने तीच धरून नवा शक सुरू केला. दुधाच्या पिशवीपासून लग्नपत्रिकेपर्यंत तो छापला जाऊ लागला. ज्यांना स्वतःच्या आजोबांची जन्मतारीख ठाऊक नव्हती, ते अभिमन्यू कुठल्या वारी पडला हे छातीठोकपणे सांगू लागले.

एके दिवशी सकाळी नंदिता तगारे सरांकडे आली. ती सरांची विद्यार्थिनी आणि आता मंदिराच्या गणित विभागाची प्रमुख. सर उप्पीट खात होते. तिने चप्पल काढली, समोर बसली आणि एकदाचं बोलून टाकलं.

“सर, कच्छचे शिंपले मोजून झाले.”

सरांना कळलं. कच्छच्या रणात जुन्या शिंपल्यांचे थर सापडले होते. झाडाच्या खोडात वर्षाचं कडं पडतं, तशी शिंपल्याच्या अंगावर भरती-ओहोटीची रेघ चढते. त्या रेघांवरून पूर्वीचा दिवस किती लहान होता ते काढता येत होतं. चंद्र समुद्राचं पाणी ओढतो, ते पाणी पृथ्वीला घासतं आणि पृथ्वी दमत आलेल्या भोवऱ्यासारखी मंदावत जाते. रोजचा फरक कुणाच्या लक्षातही येणार नाही, पण हजारो वर्षांत तो साचत जातो. सरांनी तरुणपणी हाताने गणित केलं तेव्हा हा साचलेला फरक अंदाजाने धरला होता. दुसरा इलाजच नव्हता.

“किती चुकलो?”

“सव्वा तास.”

सरांनी चमचा खाली ठेवला. एवढ्या काळात सव्वा तास म्हणजे किस झाड की पत्ती. पण सरांचा सगळा डोलारा एका संध्याकाळवर उभा होता. सूर्यास्ताच्या आत जयद्रथाला मारीन, नाहीतर अग्नीत उडी घेईन, अशी अर्जुनाची प्रतिज्ञा. दिवस मावळलासा वाटला, लपलेला जयद्रथ बाहेर आला, आणि सूर्य पुन्हा दिसला. हे खग्रास ग्रहण होतं, असं सरांचं म्हणणं. त्या ग्रहणाचा दिवस सापडला म्हणून युद्धाचा दिवस सापडला, आणि युद्धाचा सापडला म्हणून शक.

“म्हणजे ग्रहण लागलं तेव्हा कुरुक्षेत्रावर सूर्य मावळून गेला होता,” सर सावकाश म्हणाले.

“हो. ते दिसलं अरबस्तानात.”

“म्हणजे जयद्रथ वाचला म्हणायचा!” सर मोठ्याने हसले, हसता हसता खोकले, आणि मग चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले.

नंदिताला रडू आवरेना. ज्या माणसाने तिला गच्चीवर उभं करून पहिल्यांदा रोहिणी दाखवली, त्याचं आयुष्य तिने दोन वाक्यांत मोडलं होतं.

“रडतेस काय वेड्यासारखी?” सर म्हणाले. “चूक माझ्या हयातीत सापडली, हे माझं नशीब. तू आता एक कर. मी टाकून दिलेले श्लोक काढ.”

असे श्लोक पुष्कळ होते. महाभारतात ग्रहस्थिती जागोजाग सांगितलीय आणि ती वर्णनं एकमेकांशी भांडतात. एकीकडे शनी इथे, तर दुसरीकडे तिथे. म्हणून तारखा काढणाऱ्यांचा एक शिरस्ता पडलेला. जे आपल्या तारखेशी जुळतं ते मूळ आणि जे जुळत नाही ते प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून कुणीतरी घुसडलेलं. प्रत्येकाची तारीख वेगळी आणि प्रत्येकाचं प्रक्षिप्तही वेगळं. सरांनी या शिरस्त्याला रीतसर पद्धतीचं नाव देऊन पाठ्यपुस्तकात घातलं होतं, एवढाच फरक.

दोघांनी दुपारपर्यंत ते श्लोक पुन्हा वाचले. शेवटी सर म्हणाले, “मंदिराच्या वर्धापनदिनाच्या सभेत मी सांगणार. पण नुसतं सभेत सांगून भागायचं नाही. माझी दुरुस्ती त्या यंत्रात गेली पाहिजे. पोरं आता त्याला विचारतात गं, मला नाही. तेवढं तू बघ.”

“बघते, सर,” नंदिता म्हणाली. तिला ते अगदी सोपं वाटलं होतं.

सभेला सभागृह भरलं होतं. सर काठी टेकत उभे राहिले आणि आडपडदा न ठेवता बोलले. तारीख चुकली आहे, चूक माझी आहे, आणि खरी तारीख मला माहीत नाही. कदाचित ती आकाशातून कळणारही नाही. मग कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळं सभागृह उठून टाळ्या वाजवू लागलं. मंदिराचे संचालक उदयन मिरजे पुढे झाले, सरांच्या पाया पडले आणि म्हणाले, “केवढा हा विनय! अशी माणसं आता होणे नाही.” सर “अहो, विनय नव्हे, चूक” म्हणत राहिले, पण तोवर त्यांच्या खांद्यावर शाल पडली होती.

दुसऱ्या दिवशी आवाजाने नेहमीसारखी युद्धशकाची मिती सांगितली. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. आठवडा गेला तेव्हा नंदिता मिरज्यांच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

“बसा मॅडम, चहा घ्या,” मिरजे म्हणाले. “ते भाषण यंत्रात घालता येणार नाही. संपादक मंडळाने ते प्रक्षिप्त ठरवलंय.”

“जिवंत माणसाचं भाषण प्रक्षिप्त?”

“एका बाजूला चाळीस वर्षांचा मजकूर, दुसऱ्या बाजूला एका संध्याकाळचं बोलणं. बहुतेकांशी जे जुळत नाही ते मागाहूनचं. पद्धत सरांचीच आहे, आम्ही पदरचं काही घातलेलं नाही.” मग आवाज खाली आणून ते म्हणाले, “वय झालंय हो त्यांचं. आपणच सांभाळून घ्यायला हवं. तुमचा शिंपल्यांचा निबंध तुम्ही खुशाल छापा. परदेशात छापा. कोण अडवतंय?”

तिने तो छापलाही. चार तज्ज्ञांनी पाठ थोपटली, आणि इकडे दुधाच्या पिशवीवरची एक काना-मात्राही हलली नाही. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय!

सरांना हे सांगायला ती गेली तेव्हा ऊन उतरत आलं होतं. तिचं सांगून झाल्यावर त्यांनी टेबलावरचा फोन ओढला, तिलाही ऐकू यावं म्हणून कर्णा चालू केला आणि वाणीप्रतिमेचा क्रमांक फिरवला.

“नमस्कार, बोला,” त्यांचाच आवाज म्हणाला, वीस वर्षांनी तरुण.

“एक श्रोता बोलतोय. नव्या गणिताने ते ग्रहण सूर्यास्तानंतर येतं म्हणे.”

“वाचन कमी पडतंय तुमचं,” आवाज प्रसन्नपणे म्हणाला. “चार शिंपले सापडले म्हणून कुणी इतिहास बदलत नाही. जुळत नाही ते बाजूला ठेवायला शिका. आधी अभ्यास, मग शंका.”

“पण हुपरीकरांनी स्वतः भरसभेत चूक कबूल केली.”

आवाज हसला. ते हसू नंदिताला चांगलं ठाऊक होतं. पहिल्या वर्षाला शनीच्या न जुळणाऱ्या श्लोकाबद्दल विचारल्यावर वर्गासमोर सरांकडून तिच्या वाट्याला तेच आलं होतं, आणि त्यानंतर तिने वर्गात कधी प्रश्न विचारला नव्हता.

“ते मागाहूनचं आहे,” आवाज म्हणाला. “मूळ हुपरीकर असं म्हणणार नाहीत.”

सरांनी फोन बंद केला. तिला त्यांची अतोनात दया आली, आणि त्याच वेळी कित्येक वर्षं दाबून ठेवलेला रागही आला.

“नंदिता, मी असं बोलायचो?”

“हो, सर.”

“आणि तुम्ही सगळे ऐकून घेत होता?”