कमळाबाईंचा बहावा

शीळफाट्यानजीकच्या टेकडीवर त्या प्रभाती एक विदारक दृश्य प्रकट झाले. मायेने जोपासलेली साग-बहाव्याची समस्त रोपे उभ्याउभ्या करपली होती.

एका विमानतळाच्या चालक कंपनीने जाहीर वचन दिले होते, की आमच्या दिव्यांमुळे व वाहनांमुळे हवेत मिसळणारा कर्ब आम्ही या टेकडीवर झाडे लावून शोषून घेऊ. ते वचन कितपत पाळले गेले, हे खोडांचा घेर मोजून ठरविण्यास तपासनीस कादंबरी सामंत आजच आली होती. फीत उलगडण्यापूर्वीच तिच्यापुढे गुन्हा उभा राहिला.

रोपांचा मुकादम मितेश याने शेजारच्या शेताचा मालक नाथा यास दंडाला धरले होते. पोलिसांना फोन झाला होता.

"यानेच मारली, मॅडम. हद्दीवरून भांडण आहे आमचं."

"भांडण तुझ्याशी हाय रं," नाथा म्हणाला. "या बहाव्याच्या झारांनी माझं काय खाल्लंय?"

कादंबरीने पालापाचोळा दूर सारला. खाली माती होती, मातीखाली शुभ्र थर. तिने तो जिभेला लावून पाहिला.

"मीठ."

"याच्या घरी पोती आहेत मिठाची."

"तुमच्या घरी?"

"आम्ही पण मिठागरवालेच," मितेश ओशाळून म्हणाला.

सर्वांत दाट थर एका बहाव्याखाली होता. त्यावर पाटी होती : कै. कमळाबाई.

"माझी आई. बाबांनी लावलेलं. बघा, तिलाही सोडलं नाही यानं."

"पाणी कोण घालतं?"

"बाबाच. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत."

कादंबरी सर्वांना घेऊन टेकडीखाली मितेशच्या घरी गेली. अंगणात मितेशचे वृद्ध वडील गोपीनाथ बसले होते. मागे एक नारळ डौलाने उभा होता. त्याच्या बुंध्यापासून हातभर अंतरावर गोल आळे होते, आणि आळ्यात पांढरे खडे.

"नारळ छान आहे, काका."

"कमळीनं लावलेला. मीठ दिलं का जोमानं वाढतो."

कादंबरीने नाथाचा दंड सोडविला.

"मारणारा मीठ बुंध्यावर ओततो," ती हळू म्हणाली. "वर मात्र प्रत्येक रोपाभोवती असंच आळं आहे. मीठ पसरून माती लोटली, वर पाला पांघरला, पाणीही दिलं. हा खाऊ घालणारा हात आहे. सर्वांत जास्त मीठ कमळाबाईंच्या झाडाला मिळालं, कारण माया तिथं सर्वांत जास्त होती. काका, नारळाला मीठ सोसतं. बहाव्याला नाही."

गोपीनाथ आपल्या तळव्यांकडे पाहत राहिले.

"मितेश बोललेला, खोडं बारीक भरली तर त्याचं काम जाईल. म्हणून दिलं झारांना."

"आता कुणाला नेतोस चौकीवर?" नाथाने विचारले. मग स्वतःच मान खाली घातली. मितेशने फोन काढला व पोलिसांना येऊ नका म्हणून सांगितले.

"कमळीचं झार मोजणार नाय, पोरी?" गोपीनाथांनी विचारले.

मृत झाडाची नोंद कुठेच होत नाही, हे कादंबरी जाणून होती. तरी ती म्हाताऱ्यासोबत पुन्हा टेकडी चढली आणि वाळल्या खोडाभोवती तिने फीत गुंडाळली.

"सहा बोटं."

"लागत किती होतं?"

नोंदवहीत किमान घेर आठ बोटे लिहिला होता; कादंबरीने ती मिटली.

"पाच."

"म्हंजे भरलेलं ते," गोपीनाथ म्हणाले, आणि खाली बसून दोन्ही हातांनी मुळाशी माती सारू लागले.